मुक्काम किती दिवसांचा?

२०११ च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या लाखाच्या थोडी आतच भरली होती. आषाढी एकादशीच्या सुमारास याच गावात दहा लाखांहून अधिक माणसे उतरतात. मठ, धर्मशाळा, जुने वाडे, पासष्ट एकराचा तळ, शाळांच्या खोल्या, बोळातल्या ओसऱ्या, जिथे जागा मिळेल तिथे मुक्काम पडतो. पाणी, शौचालये, दवाखाने, वीज आणि बंदोबस्त यांची तयारी सोलापूरचे जिल्हा प्रशासन कितीतरी आधीपासून करत असते. द्वादशीला उपवास सुटतो, पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि गाव रिकामे होऊ लागते. आता या गावाची माणसे सामावून घेण्याची क्षमता किती, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? चार दिवसांसाठी दहा लाख, हे उत्तर खरे आहे. चार महिन्यांसाठी तेच उत्तर दिले तर ते भयंकर ठरेल. एकोणिसाव्या शतकात याच यात्रेतून पटकीच्या साथी गावोगाव पोचत, आणि तेव्हाचा मुक्काम तर आजच्यासारखा थोड्याच दिवसांचा असे. जागा तीच, माणसे तीच, पण मुक्कामाची लांबी बदलली की सगळा हिशेब बदलतो.

निर्वासितांच्या निवाऱ्याविषयी जगभर जी चर्चा चालते तिच्यात हा हिशेब सहसा सापडत नाही. सरकारे खाटा मोजतात, बराकी मोजतात, तंबू मोजतात, आणि आकडा संपला की ‘आमची क्षमता संपली’ असे जाहीर करतात. वास्तविक हजार खाटांच्या छावणीत प्रत्येक कुटुंब सहा महिने राहून पुढे गेले, तर वर्षाला दोन हजार माणसांची सोय होते. तेच कुटुंब पाच वर्षे अडकून पडले, तर त्याच हजार खाटा वर्षाला दोनशे माणसांपुरत्या उरतात. एकही वीट न रचता क्षमता दहापट वाढू किंवा घटू शकते. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच, की निर्वासितांना सामावून घेण्याची राज्याची ताकद छपरांच्या संख्येवरून ठरत नाही. छपराखालून बाहेर पडण्याची वाट किती रुंद आहे, यावरून ती ठरते. ही वाट काम करण्याची परवानगी, ओळखीचा कागद, मुलांची शाळा आणि राहत्या जागेवरचा हक्क यांनी बनलेली असते, आणि ती बांधणे गवंड्याच्या हातात नसून कायद्याच्या हातात आहे. हे म्हणणे तपासण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या गेल्या शंभर वर्षांत जवळजवळ सगळे नमुने सापडतात.

सोलापूरपासूनच सुरुवात करू. तुळजापूर आणि नळदुर्ग ही आज सोलापूरकराला शेजारच्या आळीसारखी वाटणारी गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. बार्शी तालुक्याची हद्द तर त्या राज्यात अशी गुंतलेली होती, की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना राज्य बदलत असे. कासिम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढला तसतशी उस्मानाबाद जिल्ह्यातली कुटुंबे सोलापूर आणि बार्शीकडे सरकू लागली. सीमेवर जे ‘कॅम्प’ उभे राहिले ते मुख्यतः सशस्त्र लढ्याचे होते. बायकामुलांचा आसरा बहुतांशी सोयरिकीचा, ओळखीपाळखीचा होता. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहून निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. इकडे आलेल्यांचा परतीचा रस्ता खुला झाला. पण कहाणी तिथे संपत नाही, आणि ती तिथेच संपवण्याची आपली सवय बरी नव्हे. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याच उस्मानाबाद जिल्ह्यात उलट दिशेने हिंसा झाली आणि मुसलमान कुटुंबांना गावे सोडावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून जो अहवाल दिला त्यात सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे, आणि संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. निवाऱ्याच्या दृष्टीने यातून दिसते ते असे: ज्यांचा परतीचा रस्ता राज्याने खुला केला त्यांचा मुक्काम काही महिन्यांचा ठरला, आणि त्यांच्यासाठी कायमची छावणी बांधावी लागली नाही. ज्यांच्या परतीची हमी कोणी घेतली नाही ते शहरांच्या कडेला जाऊन राहिले आणि कुठल्याच यादीत निर्वासित म्हणून उरले नाहीत.

याच काळात शेजारच्या कोल्हापुरात एक छावणी होती, आणि नियोजित निवारा कसा असावा याचा तिच्याइतका चांगला धडा भारतात क्वचितच मिळेल. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर बायकामुलांचे तांडे १९४२ मध्ये इराणला पोचले, आणि तिथून काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. मुलांसाठी जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला जागा दिली. कोल्हापूरजवळ मिरजेच्या लोहमार्गालगत वळिवडे येथे १९४३ मध्ये मोठी वसाहत उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश राहत होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. लांबलचक बराकी, कौलारू छप्पर, चटयांच्या भिंती. बांधकाम साधेच होते. पण प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल होती. शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत होती, बालवीरांची पथके होती. खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने घेतली होती आणि देखरेख हिंदुस्थान सरकारची होती.

वळिवड्याचे कौतुक आजकाल बरेच होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सातही आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. या कौतुकात आतिथ्याचा भाग मोठा असतो आणि तो योग्यच आहे, पण व्यवस्थेचा भाग झाकून जातो. त्या छावणीचे यश कोल्हापूरकरांच्या मोठ्या मनाइतकेच तीन गोष्टींत होते. खर्च कोण करणार हे ठरलेले होते. तिथल्या मुलांचे शिक्षण पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमाने चालू होते, म्हणजे ती पुढे कुठेही गेली तरी वाया जाणार नव्हती. आणि मुक्काम संपणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. यातली पहिली गोष्ट जुलै १९४५ मध्ये डळमळली, कारण ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार उचलला. जिथून निघाले तो मुलूख आता सोव्हिएत हद्दीत गेला होता, म्हणून बहुतेकांना परत जायचे नव्हते. तेव्हा ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे दरवाजे एकेक करून उघडावे लागले, आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पाच वर्षांत पाच हजार माणसे आली, राहिली, शिकली आणि पुढे गेली. बराकी मात्र तिथेच राहिल्या, आणि त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. आजचे गांधीनगर, घाऊक कापडबाजारासाठी दक्षिण महाराष्ट्रभर माहीत असलेले, ते हेच. एकाच जागेने दोन निर्वासित समाजांना लागोपाठ आसरा दिला, तो पहिला समाज वेळेवर बाहेर पडला म्हणून.

सिंधी निर्वासितांची खरी कसोटी लागली ती कल्याणला. जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर जहाजांमागून जहाजे मुंबईला लागू लागली. मुंबई प्रांताकडे नवी घरे नव्हती, पण युद्ध संपल्यामुळे रिकामे पडलेले लष्करी तळ होते: कल्याण, देवळाली, मुलुंड, चेंबूर. पुण्याजवळ पिंपरीलाही वसाहत झाली. कल्याणच्या तळावर दोन हजारांवर बराकी होत्या. काही हजार सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या त्या जागेत लाखाच्या आसपास माणसे आली. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कित्येक संसार थाटले गेले. छपरांच्या हिशेबाने पाहिले तर ही क्षमता कधीच ओलांडली गेली होती. पण मुंबई सरकारने एक निर्णय लौकर घेतला, तो म्हणजे या छावणीचे शहर करण्याचा. ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. या माणसांना धंदा करण्यापासून कोणी अडवले नाही, मतदानाचा हक्क मिळाला, आणि १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाईच्या कायद्याने मागे सोडलेल्या मालमत्तेचा दावा आणि इथल्या जागेचा ताबा यांची सांगड घालण्याची वाट निघाली. त्या माणसांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जिद्द होतीच. पण जिद्दीला बाजारात बसू देणारा कायदाही होता, हे त्या लेखनात फारसे येत नाही.

उल्हासनगरला यशाचा नमुना म्हणून टाळ्या वाजवून पुढे जाणेही सोयीचे होईल, खरे नव्हे. पत्त्यात आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असते, आणि हे केवळ नावापुरते नाही. रोजगाराची वाट रुंद होती तितकी जमिनीच्या हक्काची नव्हती. मालकीचे कागद अर्धवट राहिले, कुटुंबे वाढली, बराकींच्या जागी परवानगीशिवाय इमारती चढल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारतींविषयी आदेश दिल्यावर २००६ मध्ये राज्याला त्या नियमित करण्यासाठी अध्यादेश काढावा लागला. तात्पुरत्या निवाऱ्याचा कायमस्वरूपी हिशेब वेळेत न मिटवल्याची ही किंमत होती, आणि ती साठ वर्षांनी चुकवायला लागली. किल्लारीचा अनुभव याच्याशी ताडून पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षे राहिली. उन्हाळ्यात त्या शेड कशा तापत, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. तरीही ५२ गावांचे स्थलांतर पार पडले आणि शेडमधला मुक्काम कायमचा झाला नाही, कारण प्रत्येक कुटुंबाच्या नावाने घर आणि त्याचा उतारा ठरलेला होता. गावांच्या नव्या रचनेबद्दल तक्रारी होत्या आणि त्यांत तथ्य होते, पण तो निराळा विषय आहे.

वाट नसलेला निवारा कसा असतो, हेही सोलापूरलाच चांगले माहीत आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे जी सेटलमेंट उभी राहिली, ती निर्वासितांसाठी नव्हती. पण ती सरकारी निवासव्यवस्थाच होती: घरे, शाळा, हजेरी, देखरेख, आणि भोवती तारेचे कुंपण. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि संध्याकाळी कुंपणाच्या आत परतत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा मोडीत काढला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव सोलापूरच्या पत्त्यांत अजून आहे. त्या वसाहतीत छपरांची उणीव नव्हती. कामही होते. नव्हती ती फक्त बाहेर पडण्याची मोकळीक, आणि तेवढ्या एका अभावाने निवाऱ्याचा तुरुंग झाला. श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांसाठी तमिळनाडूत १९८३ पासून उघडलेल्या छावण्यांशी याची तुलना केली तर काहींना ती कठोर वाटेल. तिथल्या सरकारांनी भत्ता, धान्य, शिक्षण दिले, अलीकडे नवी घरेही बांधली. तरी शंभराहून अधिक छावण्यांत पन्नास हजारांवर माणसे चाळीस वर्षांनंतर राहतात, त्यांतल्या कित्येकांचा जन्मच तिथला. त्यांना नागरिकत्व मिळण्याची सोपी वाट नाही, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतही त्यांना जागा नाही. सोयी वाढल्या, पण मुक्काम संपेना.

आता १९७१ पाहू, कारण माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप तिथूनच येतो. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्यांची नोंद ९९ लाखांच्या जवळ गेली. ८२५ छावण्यांत सुमारे ६८ लाख होते. उरलेले ३१ लाख नातेवाइकांकडे आणि यजमान कुटुंबांत राहिले. म्हणजे जगातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या निर्वासितसंकटात जवळजवळ एकतृतीयांश माणसांची सोय सरकारी छपराबाहेर झाली. खर्चासाठी केंद्राने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. नोव्हेंबर १९७१ पासून सोलापुरातून बार्शीला पत्र पाठवणाऱ्यालाही ते लावावे लागले. सीमेवरच्या जिल्ह्याने एकट्याने भार सोसायचा नसतो हे तत्त्व त्या तिकिटात होते. डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला आणि मार्च १९७२ पर्यंत छावण्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. आक्षेप असा, की हे व्यवस्थापनाचे यश कसले? युद्ध जिंकले म्हणून माणसे परत गेली. आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्या बाजूचाच आहे. ६८ लाखांना कायमचे सामावण्याइतकी छपरे भारताकडे कधीच नव्हती, हे तेव्हाच्या सरकारला कळत होते. म्हणूनच त्याने परतीची वाट हा धोरणाचा पहिला मुद्दा केला. प्रत्येक देशाला युद्ध करून वाट काढता येणार नाही, काढूही नये. पण छावणी उघडतानाच ती कशी बंद होणार हा प्रश्न विचारणे प्रत्येकाला शक्य आहे.

जे त्याआधी पूर्व बंगालमधून आले होते आणि ज्यांना परत जायचे नव्हते, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न नीट विचारला गेला नाही. रायपूरजवळचे माना शिबिर, आणि १९५८ मध्ये स्थापन झालेला दंडकारण्य प्रकल्प, यांमागचा विचार सरळ होता: बंगालमध्ये जागा नाही, मध्य भारतात जंगल आणि मोकळी जमीन आहे. नकाशावर जागा भरपूर होती. नदीखाडीतला भात पिकवणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसाला कोरड्या मुरमाड जमिनीवर बसवले की जागा असून निभाव लागत नाही, हे पुढे दिसले. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे ती घरे टाकून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेली, आणि १९७९ मध्ये त्यांना तिथून पोलिसी बळाने हुसकावले गेले. महाराष्ट्रात, तेव्हाच्या चांदा आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, मूलचेरा-चामोर्शीच्या बाजूला बसवलेल्या बंगाली वस्त्या त्यामानाने टिकल्या. धान पिकवता आले, तळ्यांत मासे धरता आले. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकाच्या आरंभीची. तिथल्या माणसांना शेतीने पूर्ण पोसले नाही, पण हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकण्याची मोकळीक होती, आणि वसाहत तगली. रिकामी जमीन पाहून माणसे नेऊन ठेवणे हा छपरे मोजण्याचाच आणखी मोठा प्रकार आहे. कुठे बसवायचे याचे उत्तर तिथे हाताला काम आहे का, यावर ठरते.

युरोपच्या अनुभवावर थोडे बोलायला हवे, कारण या विषयावरचे बहुतेक नवे लेखन तिथले आहे आणि आपल्या वर्तमानपत्रांतही तेच झिरपते. ब्रिटनमध्ये २०२३ साली पन्नास हजारांहून अधिक आश्रयार्थी हॉटेलांत ठेवलेले होते आणि सरकारच्याच सांगण्याप्रमाणे त्यावर दिवसाला सुमारे ८० लाख पौंड जात होते. हॉटेले कमी पडली म्हणून एक तरंगती बराक भाड्याने आणली गेली, पाचेकशे माणसांची. दीड वर्षाच्या आत तीही गुंडाळावी लागली. हॉटेले भरली होती ती माणसे फार आली म्हणून, हे अर्धे सत्य. दीड लाखाहून जास्त लोकांच्या अर्जांवर निर्णयच होत नव्हता, आणि निर्णय होईपर्यंत किमान वर्षभर काम करायला बंदी होती. म्हणजे सरकारने एका हाताने दार बंद केले आणि दुसऱ्या हाताने खोलीचे भाडे भरले. त्याच खंडात मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरते संरक्षण एकाच आदेशाने मिळाले: अर्जांची रांग नाही, लगेच काम करता येईल, कुठेही राहता येईल. चाळीस लाखांहून अधिक माणसे या व्यवस्थेत आली, आणि बहुसंख्यांना मोठ्या छावण्यांत ठेवावे लागले नाही. ती माणसे गोरी, ख्रिस्ती, शेजारची होती म्हणून दारे उघडली, असे म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवणार नाही. पण उघडल्यावर छपरांची टंचाई भासली नाही, ही गोष्ट त्या टीकेने पुसली जात नाही. जर्मनीत आश्रयार्थींची वाटणी राज्याराज्यांत करण्याचे सूत्र ठरलेले आहे, दोन भाग करउत्पन्न आणि एक भाग लोकसंख्या. २०१५ च्या लाटेत ते पूर्ण निभावले नाही, पण कोणत्या गावाने किती घ्यायचे यावर दरवेळी नवे भांडण काढावे लागले नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप आपल्याच दारातला आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, जुन्या गिरणचाळींतली कुटुंबे स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षे झगडली. मग परक्याला आधी छप्पर का? या रागाला हसण्यावारी नेणारे लेखन मला मान्य नाही. पण या रागाला उत्तर सोलापूरनेच दिले आहे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि त्यानंतर रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिल्या पंधरा हजारांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झाले. ही घरे कामगारांच्या मालकीची, कायमची आहेत. ती मिळवायला संघटना, सहकार, कर्ज, केंद्र आणि राज्याचे अनुदान आणि बरीच वर्षे लागली. निर्वासिताच्या पहिल्या निवाऱ्याशी याची स्पर्धाच नाही. एक आयुष्यभराचे घर आहे, दुसरे काही महिन्यांचे छप्पर. स्पर्धा सुरू होते ती काही महिन्यांचे छप्पर वीस वर्षे चालले की, कारण मग ते घरांच्याच रांगेत येऊन उभे राहते. स्थानिकांचा हक्क जपायचा असेल, तर त्यांनीच निर्वासिताचा मुक्काम लौकर संपवणाऱ्या नियमांची मागणी केली पाहिजे. कमवू न दिलेला पाहुणा यजमानाला जास्त जड होतो.

तिसरा आक्षेप असा, की वाट रुंद केली की अधिक माणसे येतील. यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. काम मिळेल अशा जागी माणूस जातो. पण उलट बाजूचा पुरावा मला सापडत नाही, की छावणी वाईट ठेवली म्हणून पळणारी माणसे थांबली. १९४८ मध्ये रझाकारांपासून पळणाऱ्याने बार्शीत भत्ता किती मिळतो हे विचारले नव्हते, १९७१ मध्ये खुलनाहून निघालेल्यानेही नाही. वाईट व्यवस्थेने येणे थांबत नाही, फक्त पुढचा मुक्काम बेकायदा होतो. चौथा आक्षेप सुरक्षेचा. कोण आले हे राज्याला कळलेच पाहिजे, यात वाद नाही. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांच्या नोंदणीचा कायदा केला होता, तोही याच गरजेतून. पण नोंद होते ती माणूस पुढे येतो म्हणून. नोंदणीच्या टेबलामागे हद्दपारीची बस उभी दिसली, तर पुढे येतील ते फक्त भोळे, आणि ज्यांच्यावर नजर हवी ते नेमके शहराच्या गर्दीत मिसळतील. काम करण्याचा तात्पुरता परवाना हीच सर्वांत स्वस्त नोंदवही आहे, कारण ती माणूस स्वतः दर वर्षी भरायला येतो.

२०२४ च्या अखेरीस जगात घरदार सुटलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या गणतीत १२ कोटी ३२ लाख होती, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आपापल्या देशातच विस्थापित होते. पुढच्या पानांत या प्रश्नाच्या व्यवस्थापनाची जी चर्चा येईल ती तांत्रिक आहे: खाटा, करार, अनुदाने, तपासणी. वाचकाने ती तांत्रिक म्हणून सोडून देऊ नये, कारण निर्णय त्याच तपशिलांत दडलेले असतात. कोणतीही योजना पाहताना तिच्यात सरासरी मुक्कामाचा आकडा आहे का, तो शोधावा. नसेल तर तिच्यातल्या क्षमतेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी, तमिळ, बंगाली, सिंधी, प्रत्येकासाठी त्या त्या वेळच्या सरकारने वेगळा आदेश काढला, आणि कोणाचा मुक्काम पाच वर्षांचा होणार, कोणाचा चाळीस वर्षांचा, हे त्या आदेशांनी ठरवले. अर्जावर किती दिवसांत निर्णय, किती दिवसांनी कामाची परवानगी, आणि किती वर्षांनी एकतर परतण्याची हमी किंवा नागरिकत्वाचा अर्ज करण्याचा हक्क, या तीन मुदती लिहिलेला एक छोटा कायदा संसदेने केला, तर त्याने जितकी जागा मोकळी होईल तितकी कोणत्याही बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकाने होणार नाही.